कळंबटे यांची रजा

माणसं भेटली की 'काय, बरं आहे ना?' असं विचारतात. आमचे कळंबटे विचारतात, 'तुमच्या जागी कोण?'

कुठेही विचारतात. आमच्या अकाउंट्समधल्या प्राचीचं लग्न होतं. अक्षता पडल्या, आम्ही आहेराच्या रांगेत उभे. कळंबट्यांनी नवऱ्या मुलाचा हात हातात घेतला आणि आशीर्वाद राहिला बाजूला, म्हणाले, "रजेवर आहात ना? तुमच्या जागी कोणाला लावलंय?" मुलगा बँकेत नोकरीला. बिचारा घाबरून सासऱ्यांकडे बघायला लागला. प्राचीनं मेंदीचे हात जोडून आम्हाला पुढे जायची खूण केली.

आमच्या जुन्या स्टोअरकीपरच्या दहाव्याला तर कहर. त्यांच्या बायकोपाशी जाऊन कळंबटे हळू आवाजात म्हणाले, "वहिनी, त्यांचं लॉगिन मी बंद केलंय. कसली काळजी करू नका." वहिनींनी डोळे पुसून हात जोडले. त्यांना काय कळलं देव जाणे, पण त्या माउलीला बरं वाटलं हे खरं.

मी नेवरेकर, त्याच कंपनीत खरेदी खात्यात. रत्नागिरीच्या एमआयडीसीत आमचा मासळी गोठवायचा कारखाना आहे. कोळंबी, माकूल, सुरमई असं काय काय गोठून परदेशी जातं आणि त्याला लागणारं सगळं, बर्फापासून बॉक्सपर्यंत, आम्ही विकत घेतो. पूर्वी हे काम सोपं होतं. बर्फ संपला की मी बर्फवाल्याला फोन करायचे, 'दादा, गाडी पाठवा,' आणि गाडी यायची. मग मुंबईच्या कुणी मोठ्या लोकांनी कंपनी घेतली आणि आमची खरेदी क्लाउडवर गेली. तो क्लाउड असतो कुठे ते मला आजतागायत कळलेलं नाही. माझ्या वाट्याला आलंय ते फक्त पडद्यावर गरगरणारं चक्र. त्याच्याकडे बघून बघून माझी मान धरते.

आता बर्फ मागवायचा तर बर्फ ही वस्तू आधी क्लाउडवर नोंदलेली हवी, बर्फवाला नोंदलेला हवा, गाडी कुठे उतरायची ती जागा नोंदलेली हवी. मागणी कोणी घालायची, मंजूर कोणी करायची, आणि मंजूर करणारा रजेवर असेल तर त्याच्या जागी कोण, हेही ठरवून भरलेलं हवं. या सगळ्या भरून ठेवलेल्या माहितीला सेटअप म्हणतात. त्यात एक जरी खण रिकामा राहिला की लाल अक्षरं येतात आणि सगळं ठप्प. हा सेटअप भरायचा, तपासायचा, रोजच्या रोज झाडूनपुसून ठेवायचा, हे कळंबट्यांचं काम.

कळंबटे मूळचे स्टोअरचे. सेटअपच्या ट्रेनिंगला मुंबईला कोणाला तरी पाठवायचं होतं, बाकीच्यांनी अंग काढून घेतलं म्हणून हे गेले. परत आले ते अंगात आल्यासारखेच. तेव्हापासून सेटअपला हात लावायच्या आधी ते पडदा ओल्या फडक्यानं पुसतात, घोटभर पाणी पितात आणि मग माउस धरतात. अमावास्येला काही म्हणता काही बदलत नाहीत. एकदा नव्या मॅनेजरनं हटून त्यांच्याकडून अमावास्येला मंजुरीचा एक नियम बदलून घेतला. दुसऱ्या दिवशी संडास धुवायच्या ब्रशांची मागणी थेट मुंबईच्या डायरेक्टरांकडे सहीला गेली. आता मॅनेजरसुद्धा काही सांगायच्या आधी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघून घेतात.

अधूनमधून वरून अपडेट येतं आणि सगळी बटणं इकडची तिकडे होतात. त्या दिवशी कळंबट्यांच्या वाटेला जाऊ नये. "माझ्या सैपाकघरातले डबे हलवले मेल्यांनी!" असं म्हणत ते पडद्यावर बोट फिरवत बसतात. "हळद इथं होती. कुठं नेलीन हळद?" आम्ही पण अशा वेळी त्यांच्या मागे उभं राहून हळद शोधतो. काय करणार, ती सापडल्याशिवाय आमचंही काम होत नाही.

लादीची लढाई तर सगळ्या कारखान्याला माहीत आहे. बर्फ आमच्याकडे लादीवर येतो, किलोवर नाही. मापांमध्ये 'लादी' नव्हतं. कळंबट्यांनी क्लाउडवाल्यांच्या मदतकेंद्राला लिहिलं. बंगळुरूहून एका मुलीचा फोन आला, एका लादीत किलो किती? कळंबटे म्हणाले, "बर्फाच्या कारखान्यातून निघताना वेगळे, आमच्या गेटवर पोचताना वेगळे. मे महिन्यात आणखी वेगळे." ती म्हणाली, एकच आकडा द्या. हे म्हणाले, "बर्फाला सांगा." हे असं कितीतरी दिवस चाललं. शेवटी ती दमली आणि मापांच्या रांगेत 'लादी' आली. त्या दिवशी कळंबट्यांनी अख्ख्या हापिसला पेढे वाटले. मला दोन दिले, कारण सगळ्या फोनांच्या वेळी मी शेजारी बसून जांभया दिल्या होत्या.

हा माणूस कधी रजा घेत नसे. इथेच सगळी मेख होती.

आमच्याकडे गणपतीत आणि शिमग्यात रजा मागत नाहीत, सांगतात. शिमग्याला गावदेवीची पालखी घरोघर फिरते. ती दारात येईल तेव्हा दार उघडं हवं आणि दारात घरचं माणूस हवं. त्यासाठी मुंबईचा माणूस नोकरीवर पाणी सोडून येतो, तिथे रत्नागिरीतला थांबतो होय! कारखाना ओस पडतो. मग जाताना प्रत्येक जण 'तुमच्या जागी कोण' या खणात डोळे मिटून एकच नाव भरायचा. प्रॉडक्शनच्या सुर्व्यांच्या जागी कळंबटे, मॅनेजरच्या जागी कळंबटे, माझ्या जागी कळंबटे. आम्ही गावाला ढोलावर नाचत असायचो आणि इथे सगळ्यांच्या खुर्च्यांवर हा एकटा माणूस बसलेला.

"त्यांचं काय, बायको गेली, मूलबाळ नाही. हापिस हेच घर," असं आम्ही म्हणायचो. बोलायला काय जातं!

यंदा शिमग्याच्या तोंडावर कळंबट्यांनी रजेचा अर्ज टाकला. मॅनेजरना वाटलं, माणूस आजारी आहे. त्यांनी खुर्ची दिली, पाणी मागवलं. सुर्वे मला कोपऱ्यात घेऊन म्हणाले, "बाई, विचारा तरी. डॉक्टरनं काही सांगितलंय का?"

कँटीनमध्ये मी विचारलं. कळंबटे चहात पाव बुडवत होते.

"कुंदा गेल्यापासून गावचं घर बंद आहे," ते म्हणाले. कुंदा म्हणजे त्यांची बायको. "पालखी येते, बंद दार बघते नि पुढं जाते. आता गावकऱ्यांनी सांगितलंन, यंदा पण दार बंद दिसलं तर तुमचं घर फेरीतून काढणार. मग देवी परत त्या दारात यायची नाही."

"मग जा ना! बसलात कसले?"

"जातो. पण माझ्या जागी कोण?"

तो प्रश्न ते जन्मभर दुसऱ्यांना विचारत आले होते. त्या दिवशी स्वतःला विचारताना त्यांचा चेहरा असा काही झाला होता की मला हसू येईना. बाकी सगळे जाणारच होते. आमच्या गावची होळी तेरशीची, पौर्णिमेच्या दोन दिवस आधीच आटपणारी. राहता राहिले मी. पाव तसाच बशीत ठेवून कळंबटे माझ्याकडे बघत राहिले. "बरं बाबा, लावा माझं नाव," मी म्हटलं. कपाळ माझं, दुसरं काय.

मग माझी शिकवणी सुरू झाली. "ह्याला हात लावायचा नाही. ह्याला लावलात तरी चालेल, पण लावू नका. आणि हे तर उघडून बघायचं पण नाही." एकेकाला गाठून त्यांनी सगळ्यांच्या जागी असलेलं आपलं नाव काढलं आणि तिथे माझं घातलं. जायच्या दिवशी गेटपर्यंत जाऊन परत आले. "फडकं ओलं करून घ्या हां, कोरडं नको." पुन्हा गेले, पुन्हा आले. "आज अमावास्या नाही, मी बघितलंय." शेवटी वॉचमननं त्यांची पिशवी उचलून रिक्षात ठेवली.

पुढचे दिवस बरे गेले. नेमकी त्यांच्या घरी पालखी यायची होती त्याच दिवशी सकाळी एमआयडीसीची लाईट गेली. कुठेशी केबल जळली होती आणि संध्याकाळच्या आधी यायची लक्षणं नव्हती. शीतगृहात कोळंबी भरलेली. जनरेटर सुरू केला तर डिझेल तळाला. पंपावर फोन केला. पंपवाला म्हणाला, "बाई, तुमच्या मुंबईवाल्यांनी सांगून ठेवलंय, ऑर्डर नंबर असल्याशिवाय थेंब द्यायचा नाही."

ठीक आहे. मी पडदा पुसला. ओल्या फडक्यानं. पाणी प्याले. हापिसात दुसरं कोणीच नव्हतं, म्हणून डिझेलची मागणी मीच घातली. आणि जे सुरू झालं ते काय सांगू! मंजुरी मॅनेजरची, ते रजेवर, म्हणून ती त्यांच्या जागी असलेल्या माझ्याकडेच आली. पण ज्यानं मागणी घातली त्यानंच ती मंजूर करायची नाही असा नियम. म्हणून ती माझ्या जागी जो असेल त्याच्याकडे गेली. माझ्या जागी नाव होतं कळंबट्यांचं. कळंबटे रजेवर, म्हणून ती त्यांच्या जागी असलेल्या माणसाकडे गेली. ती मी. मी मागणारी, म्हणून पुन्हा कळंबटे. कळंबटे रजेवर, म्हणून पुन्हा मी. सगळ्यांच्या जागचं नाव बदलताना कळंबटे माझ्या जागचं बदलायचं विसरले होते.

मदतकेंद्राला फोन केला. मुलगी म्हणाली, यामुळे धंद्यावर काय परिणाम होतोय? मी म्हटलं, "कोळंबी." ती म्हणाली, तक्रार नोंदवली आहे. मॅनेजरना लावला तर मागे ढोल आणि पुढे 'हॅलो, हॅलो'. सुर्व्यांचा बंदच. कळंबट्यांच्या वाडीत तर रेंज नावाची गोष्टच नाही. पदरचे पैसे घालून आणावं म्हटलं तर ती जनरेटरची टाकी, माझ्या स्कूटरची नव्हे.

ड्रायव्हरही शिमग्याला गेलेला. घातलं हेल्मेट आणि निघाले स्कूटरवरून कळंबट्यांच्या गावाला, राजापूरच्या रस्त्यानं. उन्हानं डोकं भणभणत होतं. वाटेत पोरांनी दोरी आडवी धरून शिमग्याचं पोस्त मागितलं, ते पैसे दिले. पुढच्या पोरांनी मागितलं, त्यांच्यावर मी अशी काही ओरडले की त्यांनीच दोरी टाकली. या नोकरीला काय जाळायचंय, असं म्हणत म्हणत मी हमरस्ता सोडला आणि लाल मातीच्या वाटेनं त्यांच्या वाडीत उतरले.

कळंबटे अंगणात उभे होते. नवा पांढरा शर्ट, घड्या अजून मोडलेल्या नव्हत्या. चिऱ्याचं लहानसं घर, दार सताड उघडं, अंगण सारवलेलं. रांगोळी त्यांनीच काढली असणार, कारण ती सगळी चौकोनाचौकोनांची होती. पडवीत सूप तयार होतं, त्यात तांदूळ, खण, नारळ. वरच्या आळीतून ढोल ऐकू येत होता.

मला बघून आधी ते हसले. त्यांना वाटलं, मी पालखीला आलेय. मग मी सगळं सांगितलं.

"तुमच्या जागी माझंच नाव राह्यलं," ते म्हणाले आणि त्यांनी कपाळावर हात मारला. "सगळ्यांचं बदललं नि तुमचंच... माझी चूक. माझ्या लॉगिनातनं मंजूर करावं लागणार, नि त्याला ओटीपी माझ्या फोनावर येणार. रेंज वर सड्यावर."

सडा म्हणजे घरामागचा कातळाचा माळ. चांगलीच चढण होती. आणि ढोल आता वळणाच्या घरापर्यंत आला होता.

"पालखीला थांबायला सांगा ना थोडं," मी म्हटलं.

"अहो बाई, गावाची पालखी ती! माझ्या ओटीपीसाठी थांबते?"

"मग राहू दे ती कोळंबी. इतक्या वर्षांत एकदा रजा घेतलीत. मी सांगते मुंबईला काय सांगायचं ते. नोकरी घेतायत तर घेऊ देत माझी!" मला खरंच इतका संताप आला होता, त्या कंपनीचा, त्या केबलचा, सगळ्याचा.

कळंबट्यांनी वाटेकडे एकदा बघितलं. मग म्हणाले, "माल गेला तर सोलायला येतात त्या बायकांना काम नाही. त्या पण शिमगा करून परत येणार ना." आणि खिशातला फोन चाचपला. "तुम्ही थांबाल इथं? दारात नुसतं माणूस हवं. आधी पालखी धरणाऱ्यांच्या पायावर पाणी, मग ओवाळायचं, मग ओटी. उलटं करू नका हां. शेजारची वहिनी येते म्हणाली होती, पण तिच्याकडं तिचीच गडबड."

मी काही बोलायच्या आत ते चढणीला लागले पण. त्या वयाचा माणूस, नवा शर्ट, काट्याकुट्यातून पळत होता.

मी घामानं भिजलेली, केसांचा अवतार, पायात हापिसच्या चपला. त्या काढल्या, ओढणी डोक्यावर घेतली आणि पायरीवर उभी राहिले. पालखी आलीच. ढोल, गुलाल, माणसांची ही गर्दी. पालखी अंगणात नाचली. एवढ्यात एक म्हातारा गुरव पुढे झाला आणि मला निरखून बघत म्हणाला, "घरात कोन हाय?"

"मी आहे."

"तुमी कोन?"

"त्यांच्या हापिसातली. ते सड्यावर गेलेत, येतायत. मला उभी करून गेलेत."

मागे कुजबुज सुरू झाली. कोणी तरी म्हणालं, घरचं माणूस हवं. कोणी म्हणालं, ह्यांचं दर साली असंच. मला वाटलं, आता काढतात घर फेरीतून. "अहो, सकाळपासनं शर्ट घालून उभे होते ते!" मी ओरडलेच. "रांगोळी बघा की!"

गुरवानं रांगोळी बघितली. त्यानं ते चौकोन एकेक करून बघितले. मग म्हणाला, "दार उगडं हाय, मानूस हाय. आनी काय होवं? टेका पालकी."

मी पाणी घातलं, ओवाळलं, ओटी भरली. थोडे तांदूळ खाली सांडले. गुरव गाऱ्हाणं घालायला उभा राहिला आणि मला म्हणाला, काय मागायचं ते बोल. माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतंच. तोंडातून निघालं, "डिझेलचं तेवढं होऊ दे." त्यानं तेही जसंच्या तसं देवीला सांगितलं, आणि सगळ्यांनी 'होय म्हाराजा' म्हटलं.

पालखी खालच्या आळीत उतरली तेव्हा कळंबटे धापा टाकत आले. शर्टाला गवत चिकटलेलं, कोपर खरचटलेलं.

"झालं," ते म्हणाले. "पंपावर नंबर गेला. गाडी भरतायत." मग त्यांनी अंगणातला गुलाल बघितला. "टेकली?"

"टेकली. काही वगळत नाहीत घर. पुढल्या वर्षी येणार."

खालून ढोलाचा आवाज येत होता. मी म्हटलं, "कळंबटे, तुमचं दर्शन राहिलं हो. जा ना खाली, अजून तिथेच असेल."

"जातो. पण ते दुसऱ्याचं दार," ते म्हणाले. "नोकरी लागल्यापासनं मी शिमग्याला आलोच नाही कधी. कुंदा होती ना. ती म्हणायची, तुम्ही रव्हा तिकडं, मी बघते. एकटी बघायची सगळं. म्हटलं होतं, यंदा आपण तिच्या जागी उभं ऱ्हावं एकदा."

मला रडू आलं. भर उन्हात, त्या गुलालात, मी त्या माणसासमोर लहान मुलासारखी रडले. त्यांनी मला तांब्यातलं पाणी दिलं आणि माझं पिऊन झाल्यावर तांब्या परत घेतला.

"तुम्ही कुठं उभ्या होतात?" त्यांनी विचारलं.

मी दाखवलं. वरची पायरी, डाव्या हाताच्या खांबाला लागून.

ते पाय धुऊन आले, त्या पायरीवर चढले आणि खांबाला हात लावून अंगणाकडे तोंड करून उभे राहिले. अंगणात आता कोणीच नव्हतं.

"ती पण इथंच उभी ऱ्हायची," कळंबटे म्हणाले. "शेजारची वहिनी सांगते. मी बघितलेलं नाही."